शेंडी वर ठेवून लावलेला नारळ

आत्याबाई,

तुम्हाला अक्षर येत नव्हतं, तरी तुम्हालाच लिहायला बसले आहे. माझ्या माहेरचं पत्र आलं की तुम्ही हातातलं काम टाकून चुलीपुढे बसायचात आणि म्हणायचात, "वाच बरं. पर सावकाश वाच, तिकडची बोली मला उमगत न्हाई." पत्रात काय, आंब्याला मोहोर आला, गाय व्याली, वरच्या घरातल्या काकूंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, असलंच असायचं. पण तुम्ही त्या काकूंच्या गुडघ्याची पुढे आठवडाभर चौकशी करायचात, त्यांना जन्मात कधी पाहिलेलं नसताना. तर आज बातमी आपल्याच घरची आहे. मोरीकडच्या झाडाचे नारळ परवा उतरवले. त्यातला एक मी घरात बसून फोडला. तेव्हापासून हातात कुठलंही काम घेतलं तरी मी मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

मी या घरात आले ते काही हौसेनं आले नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं असणार. तुमचे चिरंजीव रत्नागिरीकडे शाळेवर मास्तर होते, तिथं आमचं जमलं, लग्न झालं, आणि मी समजत होते की हे आता कोकणचेच झाले. त्यांनी मात्र स्वतःच्या जिल्ह्यात बदली मिळावी म्हणून अर्ज करून ठेवलेले. बदली झाली तेव्हा शाळेत पेढे वाटले, सगळे म्हणाले, नशीब काढलंत. माझ्या नशिबाचं कुणी विचारलं नाही. केजला एस.टी.तून उतरले, पुढे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून युसूफ वडगावच्या अलीकडे आपल्या गावात आले, तेव्हा मला दिवस गेलेले होते आणि सगळ्या रस्त्यानं एकही हिरवी गोष्ट माझ्या नजरेला पडली नव्हती. तुम्ही दारात भाकरतुकडा ओवाळून टाकलात आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणालात, "लई दमलीय. आधी पानी द्या तिला." ते पाणीसुद्धा मला खारट लागलं.

मग जेवणाचे हाल सुरू झाले. काळ्या मसाल्याची फोडणी पडली की मी तोंडाला पदर लावून मोरीकडे पळायचे. भाजीत दाण्याचं कूट, आमटीत दाण्याचं कूट, आणि फारच कौतुक करायचं म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं. माझ्या माहेरी सकाळी नारळ खवल्याचा आवाज आला की समजायचं, उजाडलं. इथं आख्ख्या गावात कुणाच्या घरी खवणी नव्हती. एकदा जेवताना मी हळूच यांना म्हटलं, "बाजारातून एक नारळ आणाल का?" मामंजींच्या कानावर ते गेलं. "आज काय हाय? कसला नारळ?" यांनी सांगितलं, खायला. मामंजींचा घास हातातच राहिला. "नारळ का खायाची चीज हाय बे? देवाची वस्तू ती! पोरीला मोसंबी आन, केळी आन, काय पायजे ते आन." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी पिशवीभर मोसंबी आली, मामंजींनी स्वतः आणली. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या लेखी नारळ कलशावर बसतो, ओटीत पडतो, देवापुढे फुटतो आणि प्रसादाच्या तुकड्यातून तळहातावर येतो. घरात बसून तो खायचा म्हणजे निरांजन लावून त्याच्या उजेडात तंबाखू मळण्यासारखं.

मी वाळत चालले. यांना मी स्पष्ट सांगितलं की बाळंतपणाला माहेरी जाईन ती जाईन, परत येण्याचं माझ्याकडून काही ठरलेलं नाही. तुम्हाला यायचं तर तुम्ही तिकडे या. मधली भिंत पातळ होती, पलीकडे तुम्ही तांदूळ निवडत होता. तुम्ही ऐकलंत की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्याच आठवड्यापासून तुम्हाला नवस आठवायला लागले.

पहिला नवस म्हशीचा होता. तिचं दूध आटलं होतं, ते उतरलं म्हणून मारुतीला नारळ. पुजाऱ्यानं अर्धी वाटी ठेवून घेतली, अर्धी तुम्ही पदराखाली झाकून आणलीत आणि शेरणी, म्हणजे प्रसाद, म्हणून गावात वाटायच्या आधी त्यातला मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवलात. मग कपाटाची किल्ली सापडली म्हणून महादेवाला नारळ. मग मामंजींचा खोकला थांबला म्हणून. शेजारणीच्या जाऊबाईंना मुलगा झाला, तो नवस त्यांनी बोलायला हवा, पण फेडला तुम्ही. एकदा तर गावातल्या बायकांबरोबर जीप करून नारायणगडाला जाऊन आलात आणि कशासाठी असं मामंजींनी विचारल्यावर म्हणालात, "ते सांगायचं नसतंय, नवस हाय." पुढे तुमच्या ध्यानात आलं की देवळात पुजारी असतो आणि पुजारी असला की अर्धा नारळ जातो. तेव्हा तुम्ही सगळे नवस शेतातल्या म्हसोबाकडे वळवलेत. म्हसोबा बांधावर उघड्यावर बसलेला, त्याला पुजारी नाही, नखाएवढा तुकडा पुढे ठेवला की झालं. बाकीचा नारळ साबूत घरी. मामंजी एकदा मला म्हणाले, "तुझी सासू म्हातारपणी लई देवाची झाली बघ." मी मान खाली घालून नारळ चावत होते.

मला वाटायचं, योगायोग आहे, भाबडी बाई आहे. खरं काय ते मला तुम्ही गेल्यानंतर कळलं. युसूफ वडगावच्या बाजारात ते फळवाले चाचा बसायचे ना, तुमच्याकडून मेथीची भाजी मागून घेणारे, त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाले, "तुमच्या सासूनं मला लई तरास दिला बघा. देवाचा नारळ कुणी हलवून घेतंय का? शेंडी हाय, तडा न्हाई, बस झालं. या मौशी एकेक नारळ कानाला लावून हलवायच्या, सगळी रास उलटीपालटी. मी म्हणलं, मौशी, कावून एवढं? देवाला काय पानी प्यायचंय का? तर म्हणल्या, देवाला न्हाई रे बाबा, माझ्या सुनंला प्यायचंय." हे सांगून ते पोट धरून हसले. मी बाजारात उभ्या उभ्या रडले आणि त्यांनी मला मोसंबी कापून दिली. इकडे माझ्या रडण्याला नेहमी मोसंबीच मिळत आली आहे.

पण त्या सगळ्या नारळांत मला एकच उणीव वाटायची, आणि ती तुम्हाला सांगायची सोय नव्हती. ते सगळे बाहेर, दगडावर आपटून फुटलेले असायचे. नारळ फोडायची वेळ आली की तुम्ही मलाच आत पाठवायचात. बाईनं नारळ फोडू नये, पोटुशी बाईनं तर फुटताना पाहूसुद्धा नये, हा इथला नेम. आमच्याकडे तर आई सकाळी बोलता बोलता दोन नारळ फोडून मोकळी व्हायची. मला तो फुटतानाचा वास हवा होता. तो तुकड्याला येत नाही, एकदा फुटला की उडून जातो. हे मी कधी बोलले असेन तर झोपेत बोलले असेन. आणि एके दिवशी दुपारी मामंजी शेतात गेले होते, हे शाळेत, तुम्ही बाहेरून आलात, दार लोटलंत, कडी घातलीत आणि पदरातून नारळ काढून माझ्यापुढे ठेवलात.

"ह्यो कशाचा नवस?" मी तुमच्याच बोलीत विचारलं.

"ह्यो नवसाचा न्हाई. ह्यो असाच हाय," तुम्ही म्हणालात. "तुझ्या गावाकडं फोडतेत तसा फोड."

मी म्हटलं, "आत्याबाई, पोटुशीनं फोडू नये ना?"

"न्हाईच फोडू." तुम्ही विचारात पडलात. मग उठून भिंतीकडे तोंड केलंत, डोक्यावर पदर ओढलात आणि माझ्याकडे पाठ करून मांडी घालून बसलात. "मी बघितलं न्हाई म्हंजी तू फोडला न्हाई. चल, लवकर कर."

मी कोयता घेतला. नारळ डाव्या तळहातावर धरला, शेंडी मनगटाकडे, आणि कोयत्याच्या पाठीनं बरोबर मध्यावर टिचक्या मारत तो फिरवत गेले. इतक्या महिन्यांनी हाताला ते काम मिळालं, पण हात विसरला नव्हता. आधी टणक आवाज येतो, मग तो हळूहळू बसका होतो, आणि एका टिचकीला करवंटीला केसाएवढी रेघ जाते. मी खाली तांब्या धरला. तुम्ही भिंतीकडे बघत दर थोड्या वेळानं विचारत होता, "झालं का गं? फुटला का?" आणि तो वास आला. मी डोळे मिटून बसून राहिले. तुम्हाला वाटलं हाताला लागलं, तेव्हा कुठे तुम्ही वळून पाहिलंत.

अर्धं पाणी मी तुम्हाला फुलपात्रात दिलं. तुम्ही आधी घेईनात, मग एक घोट घेतलात, मग सगळं प्यायलात आणि रिकाम्या फुलपात्राकडे बघत म्हणालात, "आगं बया. हे एवढं पानी आमी आजवर दगडावर सांडत आलोत!" साठीच्या घरातल्या बाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा कशावर तरी चिडलेलं पाहिलं, आणि ती स्वतःच्याच सगळ्या नवसांवर चिडली होती. मग आपण सुरीनं तुकडे उपटून गुळाबरोबर खाल्ले. तुमचे मागचे दात पडलेले, म्हणून मी तुमचे तुकडे पातळ कापून दिले. करवंट्या तुम्ही चुलीत सारल्यात. संध्याकाळी मामंजी म्हणाले, कसला तरी तेलकट वास येतोय, तर तुम्ही म्हणालात, "येत आसंल." इतकं सुखाचं जेवण मी त्यानंतरही फार वेळा जेवलेले नाही.

तरीही मी माझा बेत बदलला नव्हता, आत्याबाई. माया होती, पण घर वाटत नव्हतं. सातव्या महिन्यात ओटी भरून मला केजच्या स्टँडवर आणलंत. ओटीतल्या नारळाकडे बोट दाखवून म्हणालात, "रस्त्यात फोडू नको, कंडक्टर काय म्हणंल." गाडी सुरू झाल्यावर खिडकीच्या गजाला धरून तुम्ही दोन पावलं चाललात. "तिकडं नारळ लई असतेत, मला ठावं हाय. हितं मी हाय. काय ते बघ मग." मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मलाही सांगता आलं नसतं.

मुलगी झाली. ती मान धरायला लागली तेव्हा बाबा मला घेऊन निघाले, आजी-आजोबांना नात दाखवून आणू म्हणून. माझ्या मनात त्यांच्याच बरोबर परत जायचं होतं. ट्रंकेत थोडेच कपडे घेतले होते. बाबांनी मात्र गोणपाटात गुंडाळून एक नारळाचं रोप आणलं होतं, हातभर उंच, एस.टी.त सगळ्यांच्या पायात येणारं. व्याह्यांकडे रिकाम्या हातानं काय जायचं, म्हणून. चहा झाल्यावर ते जागा बघायला परसात गेले, आणि मोरीच्या कडेला त्यांना ओल्या मातीचा एक उंचवटा दिसला. भोवती दगडांचं कडं, काट्यांचं कुंपण, वर हळदीकुंकू. त्यांना वाटलं, कुठला देव असेल. "हे काय हो, विहीणबाई?"

तुम्ही पदर तोंडाला लावलात. मामंजीच हसत म्हणाले, "नारळ लावलाय तिनं. सून गेली त्या दिसापासून रोज पानी घालती. सुनंला घरचा नारळ आसावा म्हणती. उगवंना अजून."

बाबांनी खुरप्यानं माती बाजूला केली. आत नारळ होता, देवळापुढच्या दुकानात मिळतो तसला, सोललेला, वर शेंडी राखलेला. शेंडी मातीच्या बाहेर येईल असा उभा लावलेला. काळा पडला होता, हात लावला तशी शेंडी हातात आली. बाबा म्हणाले, "अहो, सोललेला कसा उगवेल? असोला लावायचा असतो, सोडणासकट." तुम्ही म्हणालात, "सोडण म्हंजी काय, भाऊ?" बाबांनी रोपाखालच्या नारळावरचं काथ्याचं जाड साल दाखवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की तुम्ही जन्मात झाडावरचा नारळ पाहिलेलाच नव्हता. तुमच्या लेखी नारळ असाच असतो, तपकिरी, डोक्याला शेंडी. "मला वाटलं, शेंडी हाय वर, तिच्यातूनच पानं फुटतेत," तुम्ही म्हणालात. बाबांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. त्यांनी त्याच खड्ड्यात रोप लावलं आणि तुम्ही आतून तांब्या भरून आणलात.

मी पोरीला घेऊन दारात उभी होते. कितीदा त्या जागेला पाणी घातलं असेल तुम्ही, काही येत नसताना. बाबा परत गेले तेव्हा एकटेच गेले, आणि बाकीचे कपडे पाठवून द्या असं मी त्यांना सांगितलं.

झाडाचं तुम्ही फार केलंत. नातीच्या आंघोळीचं पाणी त्याला, भांड्यांचं पाणी त्याला, टँकरच्या वर्षी घमेल्यात तोंड धुऊन तेवढंही उचलून त्यालाच. झावळ्या पसरल्या तशा गावातल्या बाया झाड बघायला यायच्या आणि तुम्ही खाटेवर बसून सांगायचात, "शेंडी लावून येत न्हाई गं ते, त्याला सोडण लागतंय." फळ मात्र धरलं नाही. तुम्ही गेलात, मग मामंजी गेले, मग कोकणात बाबाही. पुढे पोय, म्हणजे नारळाचा फुलोरा, यायला लागली, सुपारीएवढी फळं लागायची आणि गळायची. लोक म्हणाले, तोडा, सावली पडून तुळस वाढत नाही. मी तुळस हलवली.

यंदा दोन नारळ टिकले. लेक पुण्याहून आली होती. तुमच्या चिरंजीवांनी शिडी लावून ते उतरवले आणि सोलायला कुऱ्हाड घेऊन आले. मी त्यांच्या हातून कुऱ्हाड काढून घेतली, पहार जमिनीत घट्ट रोवली आणि माझ्या आईसारखी तिच्यावर नारळ दाबून सोडण उलगडलं. पन्नाशीला आलेली बाई पहारीवर वाकलेली बघून लेक मोबाइलवर फोटो काढत होती. पहिला नारळ म्हसोबाला गेला, आणि अर्थातच सगळाच्या सगळा परत आला. दुसरा मी स्वयंपाकघरात घेऊन बसले. हे म्हणाले, "दे इकडं, मी फोडतो. बाईनं..." मी म्हटलं, "तुम्ही तिकडे तोंड करून बसा." लेकीला कळेना की तिचा बाप निमूटपणे भिंतीकडे तोंड करून का बसला. मी तिला सांगितलं, "ही तुझ्या आजीची पद्धत आहे." नारळ फिरवत गेले, आवाज बसका झाला, रेघ गेली, वास आला. मी डोळे मिटले नाहीत, तुमच्यासाठी उघडे ठेवले, म्हटलं या वेळी नीट बघावं.

पाणी जरा खारट निघालं. आपल्या बोअरचंच पाणी पिऊन वाढलंय झाड, दुसरं काय होणार? मी सगळ्यांना सांगितलं, गोड आहे. हे पण गोडच म्हणाले. लेकीनं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, गोड आहे." तीही या घरात शिकली आहे. तुम्ही असतात तर तुम्हालाही मी गोडच सांगितलं असतं, म्हणून खरं काय ते इथं लिहून ठेवते. आणि दुसरंही एक खरं लिहिते. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला कोकणात गेले होते, तर तिथलं सगळं नारळाचं जेवण मला जड गेलं. तिसऱ्या दिवशी मी वहिनीकडे भाकरी आणि दाण्याची चटणी मागितली. ती बघतच राहिली. परत येताना केजच्या स्टँडवर उतरले, आपलं ते खारट पाणी प्यायले आणि जिवाला बरं वाटलं. तुम्ही खिडकीशी जे म्हणाला होता त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नव्हतं, ते हे आहे.

पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. मोठ्यानं वाचीन म्हणते, पण तसं धाडस होत नाही, घरात माणसं आहेत. लेकीला हसू येईल अशी गोष्ट आणखी एक आहे, ती फक्त तुम्हाला सांगते. काल बाजारात गेले होते. चाचा आता बसत नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. त्याच्या राशीतला एकेक नारळ कानाला लावून हलवून बघितला आणि चांगला बोलणारा निवडून आणला, सोललेला, शेंडीचा. मोरीच्या पलीकडच्या बाजूला खड्डा केला आणि शेंडी वर ठेवून तो लावला. भोवती दगड मांडले. तो उगवणार नाही, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळेल. तरी आज सकाळी मी त्याला तांब्याभर पाणी घातलं आहे, आणि उद्याही घालणार आहे.